हाय-एंड हेडफोनची तुलना घरच्या घरी कशी करावी

दोन चांगले हेडफोन शेजारी शेजारी ठेवा. त्यातल्या एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा जेमतेम एक डेसिबलने मोठा असेल, तर बहुतेकांना तोच उजवा वाटतो. मोठा आहे हे लक्षातसुद्धा येत नाही. तो स्वच्छ वाटतो, भरीव वाटतो, बारकावे जास्त दाखवतो असं वाटतं. हाय-एंड हेडफोनबद्दलची कितीतरी ठाम मतं या एका डेसिबलवर उभी आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून या लेखात क्रमवारी शोधू नका. स्वतःच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या आवडीच्या संगीतावर दोन-तीन हेडफोन नीट कसे पारखायचे, तेवढंच इथे सांगतो.

किमतीवरून आवाज ठरत नाही, हेही आधीच सांगून टाकतो. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. खर्जापासून अतितारापर्यंत कोणता भाग किती मोठा वाजतो याचा आलेख, म्हणजे फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, आणि किंमत यांचा संबंध त्यांना आढळला नाही. वरच्या श्रेणीत पैसा बऱ्याचदा बांधणी, साहित्य, नव्या प्रकारचे ड्रायव्हर (म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग) आणि डाव्या-उजव्या बाजूंची काटेकोर जुळणी यांत जातो. या गोष्टींना मोल आहेच. पण आवाजाचा तोल तुमच्या कानाला रुचेल, याची हमी त्या देत नाहीत. ती खात्री आपली आपणच करून घ्यावी लागते.

आधी खोली, मग हेडफोन

पहिला निर्णय ओपन-बॅक की क्लोज्ड-बॅक, हा. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ आणला तेव्हापासून ओपन-बॅक घरात आला. यात कपाची मागची बाजू जाळीची असते, ड्रायव्हरच्या मागून निघणारा आवाज बाहेर सुटतो, कपात कोंडून परत कानाकडे येत नाही. त्यामुळे ऐकणं मोकळं वाटतं. पण पंख्याची घरघर आत येते आणि तुमचं गाणं शेजारी बसलेल्याला ऐकू जातं. क्लोज्ड-बॅकमध्ये हे दोन्ही टळतं, मात्र कपातली परावर्तनं आटोक्यात ठेवणं हे मोठं कसबाचं काम असतं. डॅन क्लार्क ऑडिओच्या स्टेल्थमध्ये त्यासाठी ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये खास रचनेची जाळी बसवली आहे, ती नको असलेल्या लहरी शोषून घेते.

खोली शांत असेल आणि कुणाला त्रास होणार नसेल, तर ओपन-बॅकच घ्या असं मी सांगेन. खोलीत सतत आवाज असेल तर मात्र कितीही नावाजलेला ओपन-बॅक व्यर्थ आहे. बाहेरचा आवाज झाकायला तुम्ही पातळी वाढवत जाल, आणि त्याची किंमत कान मोजतील.

ड्रायव्हरच्या प्रकारांवर फार वेळ घालवू नका. डायनॅमिकमध्ये कॉइल लावलेला पडदा हलतो (सेनहायझर एचडी ८०० एस, फोकल यूटोपिया). प्लेनार मॅग्नेटिकमध्ये पातळ पडद्यावरच वाहक पट्टे असतात आणि तो चुंबकांच्या क्षेत्रात हलतो (ऑडीझी, हायफायमॅन). इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये भारित पडदा दोन जाळ्यांमध्ये हलतो. स्टॅक्सचे सध्याचे हेडफोन या प्रकारचे आहेत, त्यांना ५८० व्होल्टचा बायस (पडदा भारित ठेवणारा स्थिर विद्युतदाब) लागतो आणि तो देणारा खास ॲम्पही (ॲम्प्लिफायर) लागतो, साध्या जॅकमध्ये ते चालतच नाहीत. प्लेनार म्हणजे असाच आवाज आणि डायनॅमिक म्हणजे तसाच, हे समीकरण टिकत नाही. एकाच प्रकारातले दोन हेडफोन एकमेकांपासून कोसभर दूर असू शकतात.

ॲम्प पुरेल का, ते कागदावर तपासा

तुलना करताना एका हेडफोनला ॲम्प पुरतोय आणि दुसऱ्याला पुरत नाही, असं झालं तर सगळी मेहनत वाया. त्यामुळे हे गणित आधी करा. दोन आकडे लागतात: इम्पिडन्स, म्हणजे हेडफोनचा विद्युतरोध (ओहममध्ये), आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक सिग्नलवर तो किती मोठा वाजतो (डेसिबलमध्ये). सेन्सिटिव्हिटी कधी दर मिलिवॅटला दिलेली असते, कधी दर व्होल्टला. हा फरक न पाहता दोन आकडे शेजारी ठेवले तर निष्कर्ष पार उलटा निघू शकतो. मिलिवॅटवरून व्होल्टवर यायचं असेल तर २० ओहमच्या हेडफोनला १७, ६० ओहमच्याला सुमारे १२ आणि ३०० ओहमच्याला सुमारे ५ डेसिबल मिळवा.

आता संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबलपर्यंत जागा हवी असं धरू. सरासरी ऐकणं याच्या कितीतरी खाली असतं, ही फक्त शिखरांसाठीची सोय.

ऑडीझी एलसीडी-एक्स: २० ओहम, दर मिलिवॅटला १०३ डेसिबल. वरचे ७ डेसिबल गाठायला ५ मिलिवॅट, म्हणजे सुमारे ०.३ व्होल्ट.

सेनहायझर एचडी ८०० एस: ३०० ओहम, दर व्होल्टला १०२ डेसिबल. ८ डेसिबल वर जायला सुमारे २.५ व्होल्ट, २१ मिलिवॅट.

हायफायमॅन सुसवारा: ६० ओहम, दर मिलिवॅटला ८३ डेसिबल. इथे २७ डेसिबल हवेत, म्हणजे ५०० मिलिवॅट आणि सुमारे ५.५ व्होल्ट.

बघा, ६० ओहमचा हेडफोन ३०० ओहमच्यापेक्षा दुपटीहून जास्त व्होल्टेज मागतोय, आणि शक्ती तर वीसपटीहून जास्त. "ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा" हा समज इथेच निकालात निघतो. फोन-लॅपटॉपच्या साध्या जॅकमधून बहुधा व्होल्टभरच मिळतं. त्यावर एलसीडी-एक्स आरामात वाजेल आणि सुसवारा दमलेला वाटेल. त्याचा दोष सुसवाराला देऊ नका.

दुसरी बाब ॲम्पच्या आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रोधाची. हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशाहून ती कमी असावी, हा चांगला नियम आहे. कारण ३०० ओहम म्हणून विकल्या जाणाऱ्या सेनहायझरची इम्पिडन्स १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. आउटपुट इम्पिडन्स १०० ओहम असलेला व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प जोडला, तर त्या पट्ट्यात बेस जवळपास एक डेसिबलने वर येतो. "व्हॉल्व्हची ऊब" म्हणून जे कौतुक होतं, त्यातला एक वाटा हा आहे. ऐकायला ते छानही वाटतं! पण तुलना करताना दोन्ही हेडफोन कमी आउटपुट इम्पिडन्सच्या एकाच ॲम्पवर ठेवा. प्लेनारची इम्पिडन्स सगळीकडे जवळपास सारखीच असते, त्यामुळे त्यांचा तोल असा हलत नाही.

केबलचं थोडक्यात: तिचा रोध कमी असला की झालं. २० ओहमच्या हेडफोनला एक ओहमची केबल लावली तर आवाज ०.४ डेसिबलने उतरतो, तेवढंच. त्यापलीकडे केबल लांबी, वजन आणि कपड्यांवर घासल्याची खसखस या तीन गोष्टींवरून निवडा.

आलेख वाचा, पण बेताने

आलेख वाचताना एक ध्यानात ठेवा: चांगल्या हेडफोनचा आलेख सपाट नसतो. स्पीकरचा आवाज कानाच्या पाळीवर, नळीत आदळत पडद्यापर्यंत जातो तेव्हा ३ किलोहर्ट्झच्या आसपास आपोआप फुगतो. हेडफोनला तो फुगवटा स्वतः घडवावा लागतो. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून एक लक्ष्यरेषा तयार केली. तिच्यात सुमारे १०० हर्ट्झच्या खाली बेस उचललेला आहे, ३ किलोहर्ट्झजवळ उंचवटा आहे आणि त्यानंतर उतार आहे. बहुसंख्यांना काय रुचतं याचा हा उत्तम अंदाज आहे. तुम्हाला बेस त्याहून कमी आवडत असेल तर तुमचं काहीही चुकत नाही.

८ किलोहर्ट्झच्या वर आलेखावर फार विसंबू नका. तिथे लहरी इतक्या आखूड असतात की कप जरा सरकला, कानाचा आकार बदलला, तरी चित्र बदलतं. आणि दोन वेगळ्या मोजणी-यंत्रांवरचे आलेख एकमेकांवर ठेवून वाद घालणं तर निरर्थकच.

पातळी जुळवणं: इथे घाई नको

सगळ्या लेखातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी पायरी ही.

आधी संगणकावर किंवा प्लेअरवर इक्वलायझर (आवाजाचे वेगवेगळे पट्टे कमी-जास्त करणारी सोय, थोडक्यात इक्यू), स्पेशियल ऑडिओ, बेस बूस्ट, असलं जे काही असेल ते बंद करा. दोन्ही हेडफोनसाठी एकच फाइल, एकच ॲम्प, त्यावर एकच गेन (सिग्नल किती पटीने वाढवायचा ते).

मग जाड पुठ्ठ्याची, पॅडपेक्षा थोडी मोठी चकती कापा. मधोमध फोनचा माइक किंवा आवाज मोजायच्या मीटरचं टोक बसेल एवढं भोक पाडा, आणि फट राहणार नाही अशी टेप लावा. चकतीवर हेडफोनचा एक कप सपाट टेकवा. दुसरा कप मोकळा लोंबकळत राहिला तरी चालेल, पण टेकवलेल्या कपावर हाताने जोर देऊ नका. आता पिंक नॉइज (सगळे पट्टे असलेला, चाचणीसाठीचा सलग खळखळाट) वाजवा, शक्यतो ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यापुरता. फोन दाखवतो तो आकडा खरा किती, याला महत्त्व नाही. दोन हेडफोनमधला फरक मात्र बराचसा बरोबर कळतो. कप उचलून पुन्हा टेकवा आणि दोन-तीनदा मोजा. आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर पॅड नीट बसत नाहीये.

समजा पहिला हेडफोन दुसऱ्यापेक्षा ६ डेसिबलने मोठा निघाला. ॲम्पचा नॉब हलवू नका. नॉब पुन्हा त्याच जागी येत नाही, आणि खालच्या पातळीवर त्याच्या दोन बाजू सारख्याही नसतात. प्लेअरच्या डिजिटल व्हॉल्यूममध्ये पहिल्यासाठी उणे ६ अशी नोंद करून ठेवा आणि हेडफोन बदलला की तेवढाच आकडा बदला.

शेवटचा हात कानाने फिरवा. सपाट चकतीवर कप बसतो तसा तो डोक्यावर बसत नाही, त्यामुळे मीटर इथे थोडा फसवू शकतो. ओळखीचा गाता आवाज लावा, एकेका ओळीवर हेडफोन बदला, आणि तो आवाज दोन्हींवर तेवढाच मोठा वाटेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने सरकत राहा. आवाजाची स्मृती काही सेकंदच पक्की राहते, म्हणून अदलाबदल झटपट व्हायला हवी. दोन्ही हेडफोन मांडीवर, केबल मोकळ्या.

पातळी किती ठेवावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याचे पाचच तास. परीक्षेच्या उत्साहात पातळी हळूहळू चढते, तिच्यावर लक्ष ठेवा.

काय ऐकायचं आणि कशासाठी

सुरुवात माणसाच्या गळ्याने करा. ज्या आवाजाचं ध्वनिमुद्रण तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलंय, तोच घ्या. छातीतून येणारा भाग आणि ओठांवरचा भाग एकाच माणसाचे वाटतात का? 'स' आणि 'श' टोचतात का? टोचत असतील तर दोष मुद्रणाचा की हेडफोनचा, हे दुसऱ्या हेडफोनवर लगेच कळतं. मिडरेंज (मधल्या सुरांचा पट्टा) पटला नाही तर पुढे ऐकायची गरज नाही, असा माझा नियम आहे. बाकीचे गुण त्याची भरपाई करत नाहीत.

मग तानपुरा. नुसता तानपुरा, गाणं सुरू व्हायच्या आधीचा. तार छेडल्यावर आधी बोटाचा स्पर्श येतो, मग मूळ सूर, आणि जवारीमुळे वरची स्वरावली एकेक करून उमलत जाते. संतुलित हेडफोनवर ही झणझण त्या तारेतूनच निघताना ऐकू येते. ट्रेबलमध्ये (वरच्या सुरांत) टोक, म्हणजे अरुंद उंचवटा, असलेल्या हेडफोनवर ती सुरापासून सुटते आणि वर एक वेगळा धातूचा थर तरंगतोय असं वाटतं. मंद ट्रेबलच्या हेडफोनवर चारही तारा मिसळून एक गुंजन उरतं. पहिल्या ऐकण्यात हा धातूचा थर "किती बारकावे!" असा भास देतो. पंधरा मिनिटं तसंच ऐकत राहा. कानाला थकवा आला तर बारकावे कुठले होते ते समजलं. जुन्या एचडी ८०० ला ६ किलोहर्ट्झजवळ असं टोक आहे, आणि ते शमवण्यासाठीच पुढच्या एचडी ८०० एसमध्ये शोषक पोकळी बसवली गेली.

बेससाठी डग्गा. मनगट सरकवत घेतलेली मींड खालून वर जाताना सलग ऐकू यायला हवी. मध्येच एखादी जागा फुगत असेल तर तिथे हेडफोनचा उंचवटा आहे. डबल बेसच्या चालत्या सुरावटीवरही हेच तपासा, प्रत्येक सूर तेवढाच वजनदार आहे का. त्याहून खालचं जाणायचं तर ४० हर्ट्झचा शुद्ध सूर लावा आणि चष्मा असेल तर तो काढून-घालून ऐका. चष्म्याची काडी पॅडखाली फट पाडते आणि काही हेडफोनचा, विशेषतः क्लोज्ड-बॅकचा, खालचा बेस त्या फटीतून निघून जातो. चष्मा लावून ऐकणार असाल तर परीक्षाही चष्म्यासकटच.

वेग आणि आघात यांसाठी चाटेवरचा 'ना' आणि पियानो पुरेसे आहेत. अवकाशासाठी सभागृहातलं, कमी माइक वापरून केलेलं मुद्रण घ्या. स्पीकरवर डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानालाही किंचित उशिरा पोहोचतो. हेडफोनवर तो पोहोचत नाही, म्हणून चित्र डोक्याच्या आत तयार होतं. एचडी ८०० एसमध्ये ड्रायव्हर कानापासून लांब आणि तिरपे ठेवलेत, त्याने चित्र जरा बाहेर आल्यासारखं वाटतं. पण जुन्या, टोकाच्या स्टिरिओ मुद्रणांवर मला क्रॉसफीड जास्त मोलाचं वाटतं. एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या बाजूला सोडणारी ही सोय अनेक प्लेअरमध्ये असते.

ऐकताना लिहून ठेवा, पण "छान", "मस्त" असं नको. "दुसऱ्या कडव्यात बासरी गळ्याच्या मागे गेली", असं लिहा. ते पुन्हा तपासता येतं.

इक्यू लावून उलटतपासणी

कुणाला तरी हेडफोन डोक्यावर ठेवायला सांगून डोळे मिटून परीक्षा घेता येईल असं वाटतं, पण वजन आणि पॅडचा स्पर्श लगेच ओळख देतात. हार्मनच्या संशोधकांनी यावर तोड म्हणून एकाच हेडफोनवर इक्वलायझरने इतर हेडफोनचे आवाज उभे केले. घरी याचीच साधी आवृत्ती करता येते.

विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एका हेडफोनचा बेस कमी वाटत होता का? १०० हर्ट्झच्या खाली ५ डेसिबल शेल्फ (तिथून खालचा सगळा भाग सारखा उचलणारा फिल्टर) लावा, आणि शिखरं कापली जाऊ नयेत म्हणून प्रीॲम्प, म्हणजे त्यातली एकूण पातळी, उणे ५ करा. ट्रेबल टोचत होता? ४ ते १० किलोहर्ट्झ शुद्ध सूर हळूहळू सरकवा, जिथे तो एकदम कर्कश होतो तिथे अरुंद फिल्टरने ३-४ डेसिबल उतरवा. हे टोक तुमच्या कानाचं आहे, दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये ते नेमकं त्याच जागी असेलच असं नाही. पातळी पुन्हा जुळवा आणि पुन्हा ऐका.

माझ्या अनुभवात "हा हेडफोन दुसऱ्याच्या कितीतरी पुढचा आहे" अशा फरकांचा मोठा हिस्सा इथे विरघळतो. जे उरतं त्यासाठी खर्च करणं मला पटतं: जागेची जाणीव, मोठ्या आवाजातही न विस्कटणारा बेस, आणि डोक्यावर बसण्याची पद्धत.

दीर्घ ऐकणं आणि निवड

एचडी ८०० एस ३३० ग्रॅमचा, यूटोपिया ४९० ग्रॅमचा, एलसीडी-एक्स ६१२ ग्रॅमचा. दहा मिनिटांत हा फरक कळत नाही. सलग दोन तास बसा. टाळूवर एक बिंदू दुखू लागतो का, जबड्यावर चिमटा बसतो का, कान आतल्या कापडाला टेकतात का, घामाने पॅड चिकटतात का? एकदा जरी "आता काढावा" असं वाटलं तर ती नोंद आवाजाच्या नोंदीइतकीच गंभीर समजा.

परत करण्याची मुदत मिळत असेल तर एक हेडफोन आठवडाभर एकटाच वापरा, मग दुसरा. कान प्रत्येक तोलाला सरावतो, म्हणून अदलाबदलीनंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत जे खटकतं त्यावर निर्णय घेऊ नका. तासाभरानंतरही खटकत असेल तर ते खरं. हेडफोन वाजून वाजून "मोकळा होतो" म्हणतात, त्यात मला तरी कानाचं सरावणं आणि पॅडचं दबणं हेच मुख्य दिसतं.

पैसे देण्याआधी मोनो पिंक नॉइज लावून आवाज बरोबर मध्यात येतो का ते पाहा. एका बाजूला कलला तर हेडफोन उलटा घाला. कलही बाजू बदलत असेल तर दोष हेडफोनमध्ये किंवा ॲम्पमध्ये आहे; दुसऱ्या ॲम्पवर ऐका, आणि तिथेही तसंच असेल तर हेडफोन परत करा. कल त्याच बाजूला राहिला तर कान तपासून घ्या. पॅड, हेडबँड आणि केबल सुट्या मिळतात का, हेही विचारा. पॅड दबले की ड्रायव्हर कानाजवळ येतो आणि तोल बदलतो, त्यामुळे ते वेळोवेळी बदलावेच लागतात. नवे पॅड मूळ मॉडेलसाठी बनलेलेच घ्या आणि लावल्यावर इक्यू बंद करून तोच तानपुरा, तोच गळा आणि ४० हर्ट्झचा सूर पुन्हा ऐका.